वाइनबागेचा सल्लागार


आपलं आदिलाबाद कापसाचं.
नाशकात मात्र वाइनच्या द्राक्षांवर करिअर घडतं.

राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले.
घरच्या जमिनीत वाइनची द्राक्षं लावली.
सल्लागार होते कॅलिफोर्नियाचे केरी डॅमस्की.
2000 साली त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाइन आली.

सल्लागाराची खरी परीक्षा छाटणीत.
एप्रिलात खरडछाटणी.
पावसाळा सरता सरता फळछाटणी.
इंग्लंडात द्राक्षं शरदात काढतात.
आपल्याकडे हिवाळ्यात, फार तर उन्हाळ्याच्या तोंडावर.
तिकडचं पुस्तक इथे जसंच्या तसं चालत नाही, बरं का!

तोडणीआधी मणी चिरडून
रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाकतात.
साखर कळते.

पुन्हा सांगते, आधी छाटणी शिका.
तरुणांनो, कृषी पदवी घ्या,
आणि एक हंगाम बागेत राबा.