पिन न विचारणारे कार्ड



बँकेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी आष्ट्यात लोक मला अजून ‘कॅशियरसाहेब’च म्हणतात. परवा शेजारचे गुरुजी आले आणि त्यांनी खिशातून एक चकचकीत पुडी काढली. डब्यातल्या पोळ्या गुंडाळतात त्या चंदेरी कागदात त्यांचे एटीएम कार्ड!

‘साहेब, भावईच्या गर्दीत कुणी नुसतं खिशाला मशीन लावलं तरी पैसे जातात म्हणे.’

कार्डावर चार वक्र रेघांची खूण असेल, तर ते यंत्रात न घालता नुसते जवळ धरून पैसे देता येतात. कार्डात बॅटरी नसते. यंत्राच्या लहरींवरच त्यातली चिप जागी होते, आणि तेही साधारण चार सेंटिमीटरच्या आत. दोन-तीन बोटांचे अंतर म्हणा ना! शिवाय दुकानदाराचे यंत्र बँकखात्याला जोडलेले असते, म्हणजे चोर आपला पत्ताच मागे ठेवून जाणार. गर्दीत असे होणारच नाही असे नाही, पण चोराला हा धंदा परवडणारा नव्हे.

चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते. जुन्या काळ्या पट्टीत तोच मजकूर कायमचा असे. एकदा नक्कल केली की दुसरे कार्ड तयार. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले गेले. त्यातली बहुतेक रक्कम बनावट कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून काढली होती, काही तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून.

मी गुरुजींना विचारले, ‘कार्ड हरवलं तर?’

‘हरवू दे की! पिन माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.’

खरी भीती इथे आहे. १ जानेवारी २०२१ पासून पाच हजारांपर्यंतच्या अशा व्यवहाराला पिन लागत नाही. त्याआधी ही मर्यादा दोन हजार होती. सापडलेले कार्ड घेऊन कुणी तीन दुकाने फिरला, तर? आणि बँकेचा दूरध्वनी क्रमांक गुरुजींनी कुठे लिहून ठेवला होता? त्याच कार्डाच्या पाठीवर! कळवायला जितका उशीर, तितका धोका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमात कळवल्यानंतरच्या व्यवहाराचे नुकसान बँकेवर टाकले आहे. म्हणून क्रमांक वहीत लिहा, घरातल्या आणखी एकाला सांगा. फसवणूक झालीच तर १९३० वरही लगेच कळवा.

आणखी एक. ‘पडताळणीसाठी कार्ड फोनच्या पाठीला लावा आणि पिन टाका’ असे कुणी सांगितले, तर फोन ठेवून द्या. चेक प्रजासत्ताकात असेच कार्ड लावायला सांगून, त्याची माहिती दूरच्या एटीएमपाशी उभ्या असलेल्या चोराच्या फोनवर पोचवली जात होती. २०२४ साली ते उघडकीस आले.

ही सोय बंद-चालू करणे, तिची मर्यादा ठरवणे हे रिझर्व्ह बँकेने २०२० पासून खातेदाराच्या हाती दिले आहे. गुरुजींची सोय त्यांच्या मुलाने दिवाळीत सुरू करून दिली होती. त्यांना ठाऊकच नव्हते. आम्ही मोबाईलवर ती बंद केली. माझ्या कार्डावर मी चालू ठेवली आहे, पेट्रोल पंपावर बरी पडते. मात्र यंत्रावरचा आकडा वाचल्याशिवाय कार्ड पुढे करत नाही.

चंदेरी कागद गुरुजींनी घडी घालून परत खिशात ठेवला.