टाका घालण्याआधी



महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अशा प्रसंगी अध्यक्षाने वैद्यकाच्या भवितव्यावर बोलावं अशी अपेक्षा असते. रोबो आणि लेझर यांवर बोलणारे वक्ते पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. आपल्या हातून रोज जे काम होतं आणि ज्याच्यावर आपण क्वचितच चर्चा करतो, त्यावर मी बोलणार आहे: जखम बंद करणं आणि त्यासाठी धागा निवडणं.

आपल्याकडे जखमांनाही हंगाम असतो. आषाढात लावणीच्या चिखलात पाय कापून घेतलेला गडी येतो. दिवाळीच्या आगेमागे भातकापणीत विळा लागलेली बाई येते. राबासाठी कवळ तोडताना कोयती निसटलेले हात उन्हाळ्यात येतात. रानडुकराने फाडलेली मांडी आणि कुत्रा चावलेलं पोर यांना महिना लागत नाही, महामार्गावरच्या आणि एमआयडीसीतल्या अपघातांनाही नाही. जखमा इतक्या तऱ्हेच्या, पण आपल्या ट्रेमध्ये पाकिटं बहुधा दोनच असतात आणि हाताला लागेल ते फोडलं जातं. माझं म्हणणं आहे की पाकीट फोडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही जखम आज बंद करायची का? तिला किती दिवस आधार लागणार? आणि हा माणूस टाके काढायला परत कसा येणार? धाग्याचं नाव या तीन उत्तरांतून आपोआप निघतं.

पहिला प्रश्न सर्वांत जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात टाक्यांचं प्रकरण आहे. ताग, जवस, स्नायू, केस, गुळवेलीचे तंतू अशा धाग्यांची यादी तिथे दिली आहे. कमी मांसाच्या जागी आणि सांध्यांवर दोन अंगुळांची गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळांची तीन धारांची, पोटासाठी धनुष्यासारखी वाकडी, हेही सांगितलं आहे. आपण ज्यांना राउंड बॉडी आणि कटिंग म्हणतो, तो भेद तेव्हाच ओळखलेला होता. पण मला त्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटते ती निषेधांची यादी. विषाने दूषित झालेली, आत रक्त साकळलेली किंवा शल्य राहिलेली जखम शिवू नये, आधी शुद्ध करावी, असा तो आदेश आहे.

आधुनिक प्रयोगशाळेने या आदेशाला आकडे दिले. एलेक आणि कोनेन यांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवर प्रयोग केले. नुसत्या त्वचेत पू व्हायला स्टॅफिलोकोकस जंतू लाखांच्या संख्येने टोचावे लागत. तिथे रेशमाचा एक टाका असेल, तर काही शेकडे पुरत. म्हणजे आपण घातलेला प्रत्येक टाका ही परकी वस्तू असते, आणि रेशमासारख्या विणलेल्या धाग्याच्या पदरांत जंतूंना लपायला जागा मिळते. चिखलाच्या जखमेत रेशीम घालणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं आहे. अशा ठिकाणी टाका घालायचाच असेल, तर तो नायलॉनचा किंवा प्रोलीनचा, एकपदरी असावा आणि टाके जितके कमी तितके बरे.

अशा जखमेत बहुतेक वेळा आज टाका घालूच नये. मृत मांस काढा, भरपूर पाण्याने धुवा, सैल ड्रेसिंग करा, धनुर्वाताची लस द्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी जखम स्वच्छ लाल दिसली की बंद करा. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या चिखलाने शल्यविशारदांना हा धडा शिकवला. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये घाईने शिवलेल्या कित्येक जखमा पुन्हा उघडाव्या लागल्या, म्हणजे तो धडा विसरला गेला होता. २२ जुलै २०२१ ला तळिये, केवनाळे आणि साखर-सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या आणि महाड पाण्याखाली गेलं. त्या दिवशीचा डोंगर आपल्या तालुक्यांतून गेलेला नाही, तो पुन्हा उतरेल. तेव्हा जखमेत माती असेल तर ती उघडी ठेवायची, हे आपल्या प्रत्येक परिचारिकेला आणि आशाताईला आजच माहीत असलं पाहिजे. धुण्यासाठी सलाइनच्या बाटल्या संपल्या तर अडू नका. पिण्याजोग्या नळाच्या पाण्याने धुतल्याने जंतुसंसर्ग वाढत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

कुत्र्याच्या चाव्याला तर पंधरा मिनिटं साबण-पाणी, मग लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन. टाके टाळायचे. चेहऱ्यावर अगदी लागलेच, तर इम्युनोग्लोब्युलिन भरल्यावर काही तास थांबून, सैल आणि मोजके. आईबाप घाई करतात, पोराचा गाल फाटलेला बघवत नाही. त्यांची समजूत घालणं हाही उपचारच आहे.

स्वच्छ जखम बंद करायला प्रत्येक वेळी सुई लागतेच असं नाही, आणि याचा जगप्रसिद्ध दाखला आपल्या पुण्याचा आहे. इंग्रजांच्या सैन्यातला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यातल्या एका देशी वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. मुंबईचे दोन इंग्रज डॉक्टर ते बघायला हजर होते आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ती हकिकत छापली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. या हकिकतीत एक तपशील आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. कातडीच्या कडा जुळवून त्यांवर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या एकावर एक बसवल्या होत्या आणि चार दिवस दुसरी कोणतीही मलमपट्टी नव्हती. रायगडातल्या कातकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खैराच्या झाडापासून काढला, तोच हा कात. आज आपण सायनोअॅक्रिलेटचा गोंद वापरतो. त्याचा नियम तेव्हासारखाच आहे: जखम स्वच्छ, कोरडी, छोटी आणि ताण नसलेली हवी. गुडघ्यावर, कोपरावर, मळलेल्या जखमेवर तो लावू नये. डोक्याची छोटी जखम मात्र दोन्ही कडांचे केस एकमेकांत पिळून वर गोंदाचा थेंब लावला तरी भरते. केस भादरायला नकोत, टाके काढायला नकोत.

इथून मी तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण आपल्या भागात तोच निर्णायक ठरतो. पुस्तक सांगतं, चेहऱ्याचे टाके तीन ते पाच दिवसांत काढा, हातांचे सात ते दहा, पायांचे दहा ते चौदा. पुस्तक लिहिणाऱ्याने आपलं डोंगरातलं कुडपण किंवा ढवळे पाहिलेलं नसतं. श्रावणात ओढा भरला, एसटी बंद पडली, लावणी अंगावर असली की सातव्या दिवसाचा रुग्ण तिसऱ्या आठवड्यात उगवतो. तोवर नायलॉन कातडीत रुतलेला असतो, टाक्याच्या दोन्ही बाजूंना पुवाची टिंबं असतात आणि शिडीसारखा व्रण कायमचा उमटलेला असतो. काही जण घरीच ब्लेडने टाके कापतात आणि गाठीखालचा तुकडा आत राहतो. त्याला निष्काळजीपणा म्हणण्याआधी त्यांच्या घरची वाट विचारा. वाट लांब असेल, तर स्वच्छ जखमेला कातडीखालून विरघळणाऱ्या धाग्याची शिवण घाला. चेहऱ्याच्या जखमांवर, विशेषतः मुलांमध्ये, लवकर विरघळणाऱ्या धाग्याने येणारा व्रण नायलॉनपेक्षा वाईट नसतो, असं तुलनात्मक चाचण्यांनी दाखवलं आहे. मूल दुसऱ्यांदा कात्रीपुढे रडत नाही आणि आईचा एक दिवसाचा रोजगार वाचतो.

धागा कुठलाही असो, गाठ आवळताना नजर कडेवर ठेवा. कडा किंचित वर उचलून एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. कातडी पांढरी पडली, तर रक्त थांबलं. तो टाका सोडवून पुन्हा घाला. आज टेकलेली कड उद्या सुजणार आहे, तिला तेवढी जागा लागते.

आता दुसरा प्रश्न, आधार किती दिवस. पोटाच्या शस्त्रक्रियेत तो सर्वांत महाग पडतो. जखमेला तिसऱ्या आठवड्याअखेर मूळ ताकदीचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो, आणि पूर्ण ताकद तर कधीच परत येत नाही. विरघळणाऱ्या धाग्यांपैकी कॅटगट त्याआधीच हात सोडतो. व्हिक्रिलची ताकद तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. आपला रुग्ण महिन्याभरात भाताचे भारे डोक्यावर घेणार असतो. म्हणून पोटाच्या आवरणाला सावकाश विरघळणारा एकपदरी पीडीएस किंवा न विरघळणारा प्रोलीन हवा, आणि जखमेच्या लांबीच्या किमान चौपट धागा त्यात गेला पाहिजे. जेंकिन्स यांनी १९७६ मध्ये मांडलेलं हे गणित अजून खोटं ठरलेलं नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पाच-पाच मिलिमीटरचे बारीक टाके घातलेल्यांत वर्षभरात हर्निया १३ टक्क्यांना झाला, मोठे टाके घातलेल्यांत २१ टक्क्यांना. धाग्याच्या किमतीपेक्षा टाक्यांमधल्या अंतराने जास्त काम केलं.

किमतीचं बोलायलाच हवं. चांगल्या विरघळणाऱ्या धाग्याच्या एका पाकिटाची छापील किंमत शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीला सहज गाठते. ज्या महाडात २० मार्च १९२७ ला माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन समतेचा हक्क बजावला, तिथे ऐपत पाहून टाके घालणं शोभणार नाही. पण समान उपचार म्हणजे सर्वांना महागडं पाकीट, असंही नाही. स्वस्त आणि सिद्ध झालेलं शोधायचं असतं. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं, सहकाऱ्यांसह त्याच्या नोंदी ठेवल्या आणि २००३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पुढे युगांडात झालेल्या चाचणीत अशी स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी यांच्या निकालात वर्षभरानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ मध्ये ते ‘न्यू इंग्लंड जर्नल’ने छापलं.

उलट बाजूही पाहा. जंतुनाशकाचा लेप दिलेला महागडा धागा विकायला प्रतिनिधी आपल्याकडे येतात. भारतासह सात देशांत झालेल्या ‘फाल्कन’ चाचणीत, २०२१ मध्ये, त्या लेपाचा फायदा दिसला नाही. त्याच देशांतल्या ८१ रुग्णालयांत, १३ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘चीता’ चाचणीत पोट बंद करण्याआधी फक्त हातमोजे आणि हत्यारं बदलली गेली. जखम चिघळण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. तेव्हा पैसे वाचवायचे तर लेपावर वाचवा, हातमोज्यांवर वाचवू नका. आणि आपल्या पावसाची एक गोष्ट: विरघळणारे कृत्रिम धागे ओलाव्यानेच विरघळतात. फोडलेल्या पाकिटातला अर्धा धागा स्पिरिटमध्ये बुडवून उद्यासाठी ठेवण्याची काटकसर बंद करा. पाकिटं जमिनीलगतच्या कपाटात ठेवू नका. महाडात पूर कुठवर चढतो हे भिंतींवर दिसतं, कपाट त्या खुणेच्या वर लावा.

शेवटी, हे सगळे आकडे बाहेरचे. आपल्या तालुक्यांतले कुठे आहेत? याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्या छापल्या, पुढे प्राझोसिनचा उपचार त्यांनी सिद्ध केला आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळ नोंदवही होती आणि चिकाटी होती. जखमांच्या बाबतीत आपल्याकडे रुग्ण आहेत, अनुभव आहे, नोंदवही नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. येत्या पावसाळ्यापासून प्रत्येक दवाखान्याने जखमांची एक वही उघडावी. जखम कशाने झाली, किती तासांनी आली, माती होती का, बंद केली की उघडी ठेवली, धागा कुठला, रुग्णाचं गाव किती लांब आणि तिसाव्या दिवशी जखम कशी होती, एवढे सात रकाने पुरेत. तिसाव्या दिवशी रुग्ण येणार नाही, तेव्हा आशाताईंना फोन करा, त्या घर गाठतात. रुग्णाचं नाव वहीबाहेर जाऊ देऊ नका, बाकी सगळं एकत्र आणा. पुढच्या परिषदेत या नोंदींवरचा पहिला निबंध पोलादपूरच्या एखाद्या तरुण डॉक्टरने वाचावा आणि आजच्या भाषणातलं काही चुकीचं ठरलं तर तेही तिथेच सांगावं.