हायड्रोमीटर १.०२० वर अडकलाय? बाटल्या भरायच्या आधी हे ऐका

(भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कात्रप, बदलापूरहून मी बोलतोय. आजचा विषय एका व्हॉट्सअॅप मेसेजमुळे ठरला. माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी करायला परवानगी आहे आणि त्याचं किटही दुकानात मिळतं. त्याचा मेसेज होता: "अरे, चार दिवस झाले, रीडिंग १.०२० वर अडकलंय. बुडबुडे बंद झालेत. रविवारी बाटल्या भरू का?"

मला का विचारलं? तर मी इथे एमआयडीसीत लॅबमध्ये आहे आणि हायड्रोमीटर रोज हातात असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडे, महाराष्ट्रात, १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. त्यामुळे कात्रपमधल्या मंडळींनी हे ज्ञान म्हणून ऐका. जे बाहेरदेशी आहेत, त्यांनी वही-पेन घ्या.

हायड्रोमीटर म्हणजे काय? खाली वजन असलेली, तरंगणारी काचेची नळी. दुधवाल्याचा लॅक्टोमीटर बघितलाय ना? त्याचाच भाऊ. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. पाण्यात साखर असली की द्रव जड होतो, नळी वर उचलली जाते आणि आकडा वाढतो. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि आकडा उतरतो. बोलताना शेवटच्या हजाराव्या भागाला आपण एक पॉइंट म्हणू. १.०२० म्हणजे २० पॉइंट.

आता १.०२० खरंच १.०२० आहे का? मी त्याला तीन गोष्टी करायला सांगितल्या.

पहिली, मीटर साध्या पाण्यात बुडव. पाणी २० अंशांचं हवं, कारण बहुतेक मीटर त्या तापमानाला जुळवलेले असतात. तुमच्या मीटरवर लिहिलेलं असतं, ते बघा. आपल्या कात्रपच्या मे महिन्यातल्या ३५ अंशांच्या नळाच्या पाण्यात तोच मीटर ०.९९६ दाखवेल, म्हणजे चार पॉइंट नुसत्या उकाड्याचे! त्याच्या मीटरने २० अंशांच्या पाण्यात १.००२ दाखवलं. आतला कागद जरासा सरकलेला असणार. म्हणजे प्रत्येक रीडिंगमधून दोन पॉइंट वजा.

दुसरी, नमुन्यातला गॅस काढ. आंबलेल्या बिअरमध्ये वायू विरघळलेला असतो. त्याचे बुडबुडे नळीला चिकटतात आणि तिला वर ढकलतात. दोन ग्लासांत चहा गार करतो तसं आठ-दहा वेळा ओतायचं, फेस बसू द्यायचा, नमुना २० अंशांवर येऊ द्यायचा आणि मग मीटर सोडून गर्रकन फिरवायचा. डोळा द्रवाच्या पातळीला आणून, काचेजवळ चढलेली कड सोडून, सपाट पातळीवरचा आकडा वाचायचा. आता मीटर १.०१८ वर आला. दोन वजा केले की खरा आकडा १.०१६.

तिसरी, रिफ्रॅक्टोमीटर वापरत असशील तर थांब. ते यंत्र सुरुवातीला उत्तम. पण अल्कोहोल तयार झालं की ते फसतं आणि आकडा जास्त दाखवतं. १.०४० पासून सुरू झालेली बिअर त्यावर १.०२० दिसली, तर खरी साधारण १.०१० असते. भावाकडे ते नव्हतं, म्हणून हा मुद्दा सुटला.

आता सुरुवातीचं रीडिंग. त्याने १.०५० लिहून ठेवलं होतं, म्हणजे दोन वजा करून १.०४८. हे मला पटेना. किटमध्ये १.७ किलो माल्टचा घट्ट अर्क, वर एक किलो साखर, आणि पाणी घालून एकूण २३ लिटर. हिशोब केला तर १.०३९ च्या आसपास यायला हवं. मग जास्तीचे पॉइंट कुठून आले? जड पाक तळाशी बसतो, नमुना खालच्या नळातून घेतलेला, आणि ढवळणं कमी झालेलं. किटच्या बिअरमध्ये लिटर बरोबर असतील तर मीटरपेक्षा हिशोबावर विश्वास ठेवा. नाहीतर ३.९ टक्क्यांची बिअर तुम्ही ५.१ टक्के म्हणून पाहुण्यांना पाजाल.

अशा किटची बिअर साधारण १.००८ ते १.०१२ ला थांबते. त्याची १.०१६ वर होती. म्हणजे सुमारे सात पॉइंट शिल्लक. आणि खरी भीती इथेच आहे. बंद बाटलीत एक पॉइंट उतरला की दर लिटर बिअरमागे जवळपास अर्धा लिटर वायू तयार होतो. सात पॉइंट म्हणजे साडेतीन लिटर. नेहमीचा फेसासाठीचा अडीच लिटर वेगळा. साधी काचेची बाटली एवढ्या दाबासाठी केलेलीच नसते. गॅरेजमध्ये अशा ३० बाटल्या, आणि तिथेच पोरांच्या सायकली. म्हणून मी म्हटलं, "रविवार विसर."

मग अडलं कुठे? तिकडे जुलै, म्हणजे थंडी. गॅरेज १३ अंशांवर. यीस्ट झोपलेलं. उपाय सोपा: भांडं घरात आणलं, ब्लँकेट गुंडाळलं, २० अंशांपर्यंत येऊ दिलं आणि तळाचं यीस्ट उठावं म्हणून भांडं हलकेच हलवलं. झाकण उघडलं नाही, साखर घातली नाही. पाच दिवसांनी खरा आकडा १.००९. तीन दिवसांनी पुन्हा १.००९. मग बाटल्या भरल्या.

एवढंच लक्षात ठेवा: बुडबुडे म्हणजे मोजमाप नव्हे. झाकण थोडं सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि काम संपल्यावरही विरघळलेला वायू बाहेर येतच राहतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला आणि तो अपेक्षित जागी असला, तरच बाटली. आणि मोजलेला नमुना परत भांड्यात ओतू नका, चाखून बघा. गोड लागला तर अजून थांबा.

तुमच्या मीटरने साध्या पाण्यात किती दाखवलं, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात!