दिव्याखालची रोपे



बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उन्हाची वाण नाही;
परंतु ज्या सदनिकेला उत्तरेच्या खिडकीखेरीज उजेडाची वाट नाही,
तेथे मिरचीचे रोप उंच, फिकट आणि लुळे होते.

हे टाळण्यासाठी महागड्या जांभळ्या दिव्याची आवश्यकता नाही.
साधी पांढरी एलईडी नळी पुरेशी आहे;
कारण तिच्या शुभ्र प्रकाशात पानांना हवे असलेले निळे आणि तांबडे,
दोन्ही किरण असतात.

खरे महत्त्व अंतराला आहे.
नळी शेंड्यापासून वीतभर उंचीवर टांगावी,
आणि रोप वाढेल तसतशी दोरी वर घ्यावी.
पुन्हा सांगतो: दिवा जवळ, वीतभर अंतरावर.

भोवती पांढरा पुठ्ठा उभा करण्याची तजवीज केली,
तर वाया जाणारा उजेड पानांवर परततो.
दिवा रोज 14 तास ठेवावा. रात्री मात्र विश्रांती.
20 वॅटच्या नळीला दरमहा साधारण 8 युनिट वीज लागते.

बारामतीजवळ अप्पासाहेब पवारांनी 1971 साली स्थापिलेल्या
अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या हरितगृहांत भाजीपाल्याची सशक्त रोपे तयार होतात.
घरच्या नळीकडून तेवढी अपेक्षा नको, फळांचीही नको.
कोथिंबीर, पुदिना आणि लावणीपुरती रोपे
ती निश्चित देते, आणि माझ्या मते हेच पुष्कळ आहे.

माती ओलसर असावी, चिखल नसावा;
पाणी साचले की कोवळे रोप मुळाशी कुजते.

रोप चार-सहा पानांचे झाले, की सकाळच्या कोवळ्या उन्हात
प्रथम तासभर, मग हळूहळू अधिक वेळ ठेवावे,
आणि आठवड्याने कुंडीत लावावे.