देवीचा कोप आणि दलालाची सोय

माणसांचा व्यापार म्हटला की रायपूरकरांना जशपूर-सरगुजाच्या मुली आठवतात, दिल्लीच्या प्लेसमेंट एजन्सी आणि नोकरीचे आमिष आठवते. छत्तीसगडने 2013 साली या एजन्सींसाठी कायदाही केला. पण या धंद्याची एक तऱ्हा अशी आहे की तिला आमिष लागत नाही आणि पहारेकरीही लागत नाही. मुलीची श्रद्धाच तिच्यावर पहारा देते.

कोल्हापूर, सांगली, निपाणी, बेळगावच्या पट्ट्यात हे पिढ्यान् पिढ्या चालले. मुलीच्या केसांत जट दिसली की यल्लम्मा देवीचे बोलावणे आले, असे घरात ठरे. खरे तर न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांचा तो गुंता. पण जट कापली तर देवी कोपेल, घरात कुणी दगावेल, ही धास्ती. मग सौंदत्तीच्या डोंगरावर गळ्यात लाल-पांढरे मोती बांधायचे आणि पोरीला देवदासी म्हणून देवीला सोडायचे. तिने पुन्हा माणसाशी लग्न करायचे नाही. हातात परडी, कपाळाला भंडारा, पोटाला जोगवा. वयात आली की गावातला कुणी पैसेवाला आणि अनेकींच्या नशिबी पुढे मुंबईची वेश्यावस्ती, कामाठीपुरा. दलाल येतो तो शेवटी. त्याचे निम्मे काम आईबापांनी भक्तिभावाने, रडत रडत आधीच उरकलेले असते. देवी बहुतेक वेळा दलित वस्तीतल्याच पोरींना कशी बोलावते, हे मात्र गावाने कधी विचारले नाही.

मुंबई प्रांताच्या 1934 च्या कायद्याने असे अर्पण बेकायदा ठरवले आणि देवदासीचे लग्न वैध मानले. कर्नाटकाने 1982 मध्ये, महाराष्ट्राने 2005 मध्ये नवे कायदे केले. पण कोपाच्या भीतीला राजपत्रात उत्तर नसते. ते अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्ते कात्रीने देतात. बाईची समजूत घालून, तिच्या संमतीने जट कापतात आणि काहीच अघटित घडत नाही, हे घरादाराला दिसते.

नायजेरियात श्रद्धेच्या पहाऱ्याची हीच युक्ती वेगळ्या विधीने चालते. युरोपात पाठवण्याआधी मुलीचे केस, नखे, रक्त घेऊन देवस्थानात शपथ घालतात: कर्ज फेडीन, तोंड उघडणार नाही. मग परदेशी पोलिसांपुढेही ती गप्प राहते. मार्च 2018 मध्ये बेनिन शहराचे पारंपरिक राजे ओबा एवुआरे द्वितीय यांनी अशा सगळ्या शपथा रद्द केल्या आणि उलट शपथ घालणाऱ्यांनाच शाप दिला. विवेकवाद्याला हे रुचणार नाही, पण ज्यांना शपथेचा धाक होता त्यांना हीच भाषा कळत होती.

छत्तीसगडला असला धाक नवा नाही. टोनही म्हणजे चेटकीण ठरवून बाईला छळणाऱ्यांविरुद्ध इथे 2005 पासून कायदा आहे आणि रायपूरचे डॉ. दिनेश मिश्र या अंधश्रद्धेविरुद्ध गावोगाव फिरत आले आहेत. माणसांच्या व्यापाराविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम 143 धमकी, बळ, फसवणूक, आमिष ही साधने मोजते; देवाचा धाक हीही धमकीच. सुटका झालेल्या मुलीला “कुणी मारलं, कुणी कोंडलं?” हे पोलीस विचारतातच. “पळालीस तर देव काय करील, असं तुला कुणी सांगितलं होतं?” हा प्रश्नही त्यांनी विचारावा आणि तिचे उत्तर जबाबात लिहून घ्यावे.