रत्नागिरीचा समुद्र

रत्नागिरी हें नांव निघालें कीं हापूस आंबा, लोकमान्य टिळकांचें जन्मस्थान आणि थिबा राजाचा राजवाडा यांची आठवण होते. परंतु या शहराचा सर्वांत जुना सोबती म्हणजे समुद्र. आणि त्यानें शहराशीं नेहमींच हात राखून व्यवहार केला आहे.

शहराच्या पश्चिमेस एक डोंगर घोड्याच्या नालासारखा समुद्रांत शिरला असून त्यावर रत्नदुर्ग किल्ला व भगवतीचें देऊळ आहे. उत्तरेस मिऱ्या डोंगर. दक्षिणेस काजळी नदी भाट्याच्या खाडींतून समुद्रास मिळते. किल्ल्याच्या दोहों अंगांस लहान उपसागर आहेत खरे, पण पश्चिमेचा वारा सुटला कीं ते उघडे पडतात. तळ खडकाळ असल्यानें नांगर धरत नसे, आणि होड्यांना आंत येण्यास भरतीची वाट पाहावी लागे. जयगडासारखी आसऱ्याची खाडी रत्नागिरीस लाभली नाहीं.

मग येथें शहर वाढलें कसें? १८१८ सालीं किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. दक्षिण कोंकणचें मुख्य ठाणें प्रथम बाणकोटास होतें. तें एका टोंकास पडे, म्हणून १८२२ सालीं रत्नागिरीस आणण्यांत आलें. त्यापाठोपाठ कचेऱ्या व शाळा आल्या आणि १८६७ सालीं दीपगृह उभें राहिलें. शहर वाढलें तें कचेरीमुळें. किनारा मात्र जगला मासळीवर.

ही मासळी मुख्यत्वें तारली. जुन्या गॅझेटियरांत वर्णन आहे, कीं जानेवारी-फेब्रुवारींत होड्यांचे तांडेच्या तांडे समुद्रांत दिसत आणि एकटा जाळें टाकणारा एका सकाळीं आपली होडी भरून घेई. पण तारली मोठी लहरी; एका वर्षीं उदंड, तर दुसऱ्या वर्षीं दिसेनाशी. स्कॉटलंडच्या विक बंदराची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकांत तें हेरिंग मासळीवर भरभराटलें आणि पुढें तो धंदा ओसरतांच त्याचें वैभवही ओसरलें.

दालदी, खारवी, गाबीत हे येथील दर्यावर्दी. शिडांच्या दिवसांत पावसाळा लागला कीं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात. नारळी पौर्णिमेस समुद्रास नारळ वाहिल्यावर त्या पुन्हां पाण्यांत जात. मनुष्यास ही सक्तीची विश्रांति असे; मासळीस मात्र तेवढ्यांत पैदाशीस अवसर मिळे. उघड्या समुद्राचा हा शापच एका अर्थीं वर होता.

यंत्राच्या नौका आल्या आणि वाऱ्याचा धाक कमी झाला. मिरकरवाड्याचें बंदर गजबजलें. पर्ससीन जाळ्यांनीं थवेच्या थवे एका वेढ्यांत सांपडूं लागले, आणि लहान होडीवाल्यांच्या वांट्यास काय उरणार, हा तंटा उभा राहिला. वारा जें करी तें आतां कायद्यास करावें लागतें. १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. २०१६ सालीं राज्य शासनानें पर्ससीनवरही मर्यादा घातल्या. मासळीचें शास्त्र शिकविणारें महाविद्यालय १९८१ पासून शहराजवळच शिरगांवीं आहे.

तथापि शास्त्र व कायदा दोन्हीं पाळणारा हात शेवटीं नाखव्याचाच. समुद्र पूर्वीं स्वतःच हात राखी; आतां तें काम मनुष्याकडे आलें आहे. तें तो कसें पार पाडतो, यावरच मिरकरवाड्याच्या पुढील पिढीची चूल अवलंबून आहे.