मूळ चित्र घरी का येतं?

छापील प्रत थोडक्या पैशांत मिळत असताना माणसं चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र का घेतात?

मुंबईच्या काळा घोडा भागात जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे. तिथे आत जायला तिकीट लागत नाही आणि चित्रकार बहुधा स्वतः हजर असतो. माझ्या मते खरेदीचं मन तिथेच तयार होतं. कॅनव्हासकडे बाजूने पाहिलं, की सुरीने थापलेल्या रंगाचे उंचवटे दिसतात, खालचा जुना थर कडेला डोकावतो. छपाईत हे सगळं सपाट होऊन जातं. शिवाय समोर उभ्या असलेल्या माणसाला ‘हा निळा इथे का?’ असं विचारता येतं.

चित्र नजरेला पडणंही तितकंच महत्त्वाचं. केकू गांधींनी आपल्या केमोल्ड या फ्रेमच्या दुकानात हुसेन, आरा अशा त्या वेळच्या नव्या चित्रकारांची चित्रं लावली आणि फ्रेमसाठी आलेलं गिऱ्हाईक त्या चित्रांसमोर आलं. १९६३ मध्ये जहांगीरमध्येच गांधींची गॅलरी सुरू झाली. होमी भाभांनी तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी चित्रं घेतली, ती शास्त्रज्ञांच्या रोजच्या वावरात राहावीत म्हणून.

भाव वाढेल या आशेनेही काहीजण घेतात, पण तो भरवसा कुणी देऊ शकत नाही.

पहिलं चित्र घेताय? कागदावरची जलरंगचित्रं, रेखाटनं पाहा. ती सहसा परवडतात. सही आणि पावती मागून घ्या. आणि चित्र ओल येणाऱ्या भिंतीवर मुळीच टांगू नका.